सर्व्हर नेमका कशासाठी थांबला आहे?

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या किंवा चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीतला टॉवेल-चादरींचा एखादा मध्यम कारखाना पाहिला, तर त्याचे हिशेब आता बहुधा एकाच खोलीत बसून लिहिले जात नाहीत. माल रवाना करण्याची चलने कारखान्यात तयार होतात, बिले आणि वसुली शहरातल्या कार्यालयात पाहिली जाते, मालक खरेदीदारांच्या भेटीसाठी बाहेरगावी असतात आणि कर सल्लागार स्वतःच्या कार्यालयातून विवरणपत्रे भरतात. या सर्वांची नोंद एकाच ठिकाणी व्हावी म्हणून हिशेबाचे सॉफ्टवेअर एका सामायिक संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर ठेवलेले असते आणि प्रत्येक जण रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दुरून त्या सर्व्हरचाच पडदा आपल्यासमोर उघडून, त्यात शिरतो. ही व्यवस्था चांगली आहे, आणि नीट राखली तर स्वस्तही पडते. परंतु महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी ही जीएसटीची विवरणपत्रे भरण्याची मुदत जवळ आली, की ‘सर्व्हर स्लो झाला’ ही तक्रार सुरू होते, आणि तिच्यावर रॅम वाढवणे, नवा सर्व्हर घेणे किंवा सॉफ्टवेअरच बदलणे यांपैकी एखादा उपाय घाईने केला जातो. पैसे खर्च होतात आणि पुढच्या महिन्यात तीच तक्रार पुन्हा येते.

एखाद्या शेडमधले माग थांबले, तर कारखानदार लगेच नवे माग विकत घेत नाही. बीम आला नाही, कांड्या संपल्या की वीज गेली, हे तो आधी पाहतो. संगणकाचेही तसेच आहे. पडद्यावर वर्तुळ फिरत असते तेव्हा सर्व्हर कशाची तरी वाट पाहत असतो, आणि ती वाट प्रोसेसरची, स्मृतीची (म्हणजे रॅमची), डिस्कची, नेटची, दुसऱ्या वापरकर्त्याने धरून ठेवलेल्या नोंदीची किंवा बाहेरच्या एखाद्या संकेतस्थळाची असू शकते. ती कशाची आहे हे कळेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रिमोट डेस्कटॉपमध्ये नेमके काय घडते, हे आधी समजून घेतले पाहिजे. एका विंडोज यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने १९९८ साली विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत दिली. पुढे विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून तिला रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस हे आजचे नाव मिळाले. तत्त्व तेच राहिले आहे. आपण दाबलेली कळ आणि हलवलेला माउस सर्व्हरकडे जातो, सगळे काम सर्व्हरवर होते आणि आपल्याकडे फक्त बदललेल्या पडद्याचे चित्र परत येते. प्रत्येक वापरकर्त्यासाठी सर्व्हरवर एक स्वतंत्र सेशन उघडते आणि त्या सेशनमध्ये सॉफ्टवेअरची स्वतंत्र प्रत चालते. म्हणजे अठरा माणसे आत असली, तर अठरा प्रती एकाच प्रोसेसरवर, एकाच रॅममध्ये आणि एकाच डिस्कवर काम करत असतात. एकाच सेशनने सगळा प्रोसेसर बळकावू नये म्हणून विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून वाटप समान ठेवण्याची सोय आहे. तरीही मुळात जे अपुरे आहे ते वाटपाने पुरेसे होत नाही.

माहिती सर्व्हरवर ठेवून सॉफ्टवेअर मात्र आपल्याच संगणकावर का चालवू नये, असा प्रश्न कधी कधी येतो. त्याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. टॅलीसारख्या प्रणालीत प्रत्येक कंपनीची माहिती एका फोल्डरमधल्या फाइलींत असते आणि एखादा मोठा अहवाल काढताना सॉफ्टवेअर त्या फाइलींतून हजारो लहान तुकडे वाचते. समजा दोन हजार तुकडे एकामागून एक वाचायचे आहेत आणि कार्यालयापासून सर्व्हरपर्यंतच्या प्रत्येक फेरीला २० मिलिसेकंद लागतात, तर केवळ येण्याजाण्यात ४० सेकंद जातात. तेच तुकडे सर्व्हरमधल्या एसएसडीवरून, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवरून, प्रत्येकी सुमारे ०.१ मिलिसेकंदात वाचले, तर सगळे मिळून ०.२ सेकंद पुरतात. सॉफ्टवेअर माहितीच्या शेजारी बसावे आणि फक्त चित्राने प्रवास करावा, हाच या व्यवस्थेचा खरा लाभ आहे. म्हणून व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खासगी जोडणी) जोडून सर्व्हरवरचा फोल्डर आपल्या संगणकावर ड्राइव्ह म्हणून घेणे आणि तिथून टॅली चालवणे, हा मार्ग मी कोणालाही सुचवत नाही.

पहिली परीक्षा : नोटपॅड

तक्रार आली की मी प्रथम एकच गोष्ट करायला सांगतो. सेशनमध्ये नोटपॅड उघडा आणि चार ओळी टाइप करा. अक्षरे बोटांबरोबर उमटली आणि तरीही लेजर उघडायला वेळ लागत असेल, तर नेटचा दोष नाही. दोष सॉफ्टवेअर, डिस्क किंवा माहितीच्या रचनेत शोधायचा. नोटपॅडमध्येही अक्षरे थांबून थांबून, एकदम चार-पाच अशी उमटत असतील, तर नेट तरी अडले आहे किंवा सर्व्हरचा प्रोसेसर अथवा रॅम तरी संपली आहे. या परीक्षेला अर्धा मिनिट लागतो आणि निम्म्या चुकीच्या वाटा तिथेच बंद होतात.

त्यापाठोपाठ दोन प्रश्न विचारावेत. त्रास एकालाच आहे की सर्वांना? आणि तो दिवसभर आहे की ठरावीक वेळी? फक्त कारखान्यातल्या लोकांना त्रास असून शहरातले कार्यालय सुरळीत चालू असेल, तर सर्व्हर निर्दोष आहे. सर्वांना रोज साडेअकराला त्रास होत असेल, तर साडेअकराला आपोआप सुरू होणारे काहीतरी आहे, आणि ते बहुधा बॅकअप किंवा अँटिव्हायरसची संपूर्ण तपासणी असते.

नेटविषयी लोकांचा एक पक्का गैरसमज असतो, तो म्हणजे ‘आमच्याकडे १०० एमबीपीएसची लाइन आहे, मग नेट कसे स्लो असेल?’ हा. रिमोट डेस्कटॉपवर हिशेबाचे काम करायला फारशी रुंद वाट लागत नाही. कळ दाबल्यापासून चित्र परत येईपर्यंतचा वेळ कमी असावा लागतो. प्रकाशही काचेच्या तारेतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटरच जातो. त्यामुळे सोलापूरहून पुण्याच्या किंवा मुंबईच्या डेटा सेंटरपर्यंतची फेरी काही मिलिसेकंदांत होऊ शकते, पण मुंबई ते सिंगापूर हे अंतरच ३,९०० किलोमीटरच्या आसपास असल्यामुळे तिथल्या सर्व्हरची एक फेरी ३९ मिलिसेकंदांच्या आत बसणे शक्य नसते, आणि प्रत्यक्षात ती याहून लांबते. स्वस्त मिळाला म्हणून परदेशातला सर्व्हर भाड्याने घेण्यापूर्वी हा हिशेब करावा. दुसरे असे की, अनेक ब्रॉडबँड जोडण्यांत पाठवण्याची क्षमता घेण्याच्या क्षमतेपेक्षा कमी असते. सीसीटीव्हीचे चित्रण बाहेर जात असेल किंवा कोणी मोठी फाइल चढवत असेल, तर आपल्या कळांचे संदेश राउटरच्या रांगेत मागे उभे राहतात. अशा वेळी लाइन वाढवण्याऐवजी राउटरमध्ये सीसीटीव्हीला मर्यादा घातली तरी पुरते. विंडोज ८ आणि विंडोज सर्व्हर २०१२ पासून रिमोट डेस्कटॉप टीसीपीबरोबर यूडीपीनेही चालतो (या दोन्ही नेटवरून माहिती पाठवण्याच्या पद्धती आहेत), आणि अधूनमधून माहितीची पाकिटे गळणाऱ्या लाइनवर यूडीपी अधिक तग धरतो. फायरवॉलमध्ये ते बंद असेल तर हा लाभ मिळत नाही.

सर्व्हरच्या आत

आता सर्व्हरकडे वळू. टास्क मॅनेजर (यंत्रावरचा भार दाखवणारी विंडोजमधली खिडकी) उघडल्यावर प्रोसेसरचा वापर ६ टक्के दिसतो आणि पाहणारा म्हणतो, ‘प्रोसेसर तर रिकामाच आहे.’ इथे मोठी फसगत होते. हिशेबाची कित्येक सॉफ्टवेअर एका अहवालाचे काम एकाच कोअरवर, म्हणजे प्रोसेसरच्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एकाच भागावर करतात. सर्व्हरला १६ कोअर असतील आणि त्यांतला एक पूर्ण वेगाने राबत असेल, तर एकूण वापर शंभराचा सोळावा भाग, म्हणजे ६.२५ टक्केच दिसतो. ज्याचा साठ्याचा अहवाल निघत नाही, त्याच्यासाठी प्रोसेसर शंभर टक्के भरलेला असतो. म्हणून आलेखावर उजवी कळ दाबून प्रत्येक कोअरचा वेगळा आलेख पाहावा. काम एका कोअरवरून दुसऱ्यावर सरकत असल्यामुळे तो नेहमी एका रेषेत स्पष्ट दिसेलच असे नाही. तेव्हा तपशिलाच्या यादीत त्या सॉफ्टवेअरची प्रत सतत सहा टक्क्यांवर अडकून राहिली आहे का, हे पाहणे अधिक खात्रीचे. अशा कामाला जास्त कोअरचा उपयोग होत नाही. प्रत्येक कोअरचा वेग जास्त असावा लागतो. नवा सर्व्हर घेताना विक्रेता कोअरची संख्या मोठ्याने सांगतो, पण आपण वेग विचारावा. विंडोज सर्व्हरची वीजयोजना मुळात ‘बॅलन्स्ड’ असते. ती ‘हाय परफॉर्मन्स’वर नेण्यास पैसा लागत नाही, आणि जुन्या यंत्रांवर तिचा फरक कधी कधी लगेच जाणवतो.

रॅमचा प्रश्न बहुतेक वेळा सवयींचा असतो. रिमोट डेस्कटॉपची खिडकी वरच्या फुलीवर दाबून बंद केली, म्हणजे बाहेर पडलो, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात फुलीने फक्त जोडणी तुटते. सेशन सर्व्हरवर तसेच राहते आणि त्यातले टॅली, एक्सेल आणि ब्राउझर स्मृती अडवून बसतात. संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर टास्क मॅनेजरच्या ‘युजर्स’ या भागात पाहिले, तर दहा-बारा सेशन ‘डिस्कनेक्टेड’ या शब्दासह तिथेच आढळतात. कर्मचाऱ्यांना ‘साइन आउट’ करायला शिकवणे हा पहिला उपाय, आणि ग्रुप पॉलिसीत (सर्वांना एकदम लागू होणाऱ्या विंडोजच्या नियमांत) तुटलेले सेशन ठरावीक तासांनी आपोआप बंद होईल अशी मुदत घालणे हा दुसरा. ही मुदत फार थोडी ठेवू नये, कारण वीज गेल्यामुळे ज्याची जोडणी तुटली त्याचे अर्धवट लिहिलेले व्हाउचरही सेशनबरोबर जाते. आपल्याकडच्या विजेचा विचार करता मी दोन तास ठेवतो. ब्राउझर सर्व्हरच्या सेशनमध्ये उघडण्याची सवयही मोडली पाहिजे. अठरा जणांनी प्रत्येकी एक जीबी खाणारे ब्राउझर उघडले, तर अठरा जीबी तिथेच गेली, आणि त्या पानांचा सर्व्हरवरच्या हिशेबाशी बहुधा काही संबंधही नसतो. रॅम संपली की विंडोज स्मृतीतला भाग डिस्कवर ठेवू लागते, आणि मग रॅमची तक्रार डिस्कच्या तक्रारीचे रूप घेऊन येते.

डिस्कविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण जुन्या सर्व्हरांतला सर्वाधिक त्रास मला इथेच सापडला आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्यास ८.३३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, आणि त्याआधी ते डोके योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी काही मिलिसेकंद, असे धरले तर इकडचे-तिकडचे तुकडे वाचताना ती डिस्क सेकंदाला शंभरही वाचू शकत नाही. मघाच्या दोन हजार तुकड्यांना अशा डिस्कवर वीसहून अधिक सेकंद लागतील, आणि त्याच वेळी आणखी पाच जणांनी अहवाल मागितला असेल तर प्रत्येकाची रांग लांबेल. साधी एसएसडीही हेच काम सेकंदाला हजारोंच्या संख्येने करते. विंडोजमधल्याच परफॉर्मन्स मॉनिटर या मोजमापाच्या साधनात डिस्कच्या प्रत्येक वाचनास आणि लेखनास लागणारा सरासरी वेळ पाहता येतो. तो १० ते १५ मिलिसेकंदांच्या आत असावा, आणि गर्दीच्या वेळी तो सतत २५ च्या वर जात असेल तर डिस्क हेच मूळ कारण समजण्यास हरकत नाही. एकच खर्च परवडत असेल, तर माहितीचा फोल्डर एसएसडीवर हलवण्याचा करावा.

त्यात एक आडवळणाचे कारण आहे, ते फार थोड्यांच्या ध्यानात येते. रेड (RAID) कार्ड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणारे कार्ड, असलेल्या सर्व्हरमध्ये लिहायची माहिती कार्ड आधी स्वतःच्या वेगवान स्मृतीत घेते, ‘लिहून झाले’ असे कळवते आणि मग सवडीने डिस्कवर उतरवते. वीज गेली तर ही माहिती जाऊ नये म्हणून कार्डावर एक बॅटरी असते. ती काही वर्षांनी निकामी झाली, की बहुतेक कार्डे सावधगिरी म्हणून थेट डिस्कवर लिहू लागतात. दिसायला काहीच बदललेले नसते, फक्त प्रत्येक व्हाउचर जतन करताना क्षणभर थांबावे लागते. एका कारखान्यात सॉफ्टवेअरवर महिनाभर दोषारोप चालले होते, आणि शेवटी कारण निघाले ही बॅटरी.

अँटिव्हायरस काढून टाका असे मी सांगणार नाही. ते धोक्याचे आहे. परंतु प्रत्येक वाचनाच्या वेळी माहितीच्या फायली तपासल्या जात असतील, तर सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या कागदपत्रांत सांगितलेले फोल्डर त्या तपासणीतून वगळावेत आणि संपूर्ण तपासणी रात्री ठेवावी. बॅकअपचीही वेळ तशीच ठरवावी.

सोलापूरच्या हवेचा उल्लेख इथे करायलाच हवा. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ४० अंशांच्या वर तापमान असते, आणि सर्व्हर जिन्याखालच्या बंद कपाटात ठेवलेला असतो. मागांच्या शेडजवळच्या कार्यालयात कापसाचे बारीक तंतू हवेत सतत तरंगतात आणि पंख्यांच्या जाळीवर त्यांचा नमद्यासारखा थर बसतो. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की स्वतःचा वेग आपोआप कमी करतो. दुपारी तीननंतरच सर्व्हर मंदावत असेल, तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी यंत्राचे झाकण उघडावे. ते अर्थातच वीज बंद करून.

जेव्हा कारण सॉफ्टवेअरमध्येच असते

काही सॉफ्टवेअर माहिती फाइलींत न ठेवता एसक्यूएल सर्व्हरसारख्या डेटाबेसमध्ये ठेवतात. तिथे एक जुनी चूक वारंवार दिसते. एसक्यूएल सर्व्हरने जास्तीत जास्त किती रॅम घ्यावी, याची मर्यादा मुळात २१४७४८३६४७ एमबी इतकी, म्हणजे जवळपास अमर्याद ठेवलेली असते. डेटाबेस आणि रिमोट सेशन एकाच यंत्रावर असतील, तर डेटाबेस हळूहळू उपलब्ध रॅम व्यापतो आणि माणसांच्या सेशनांना अपुरी पडते. ही मर्यादा हाताने घालून द्यावी लागते. उलट, मोफत मिळणारी एक्सप्रेस आवृत्ती वापरत असाल, तर तिच्या मर्यादाच आड येतात. २०१६ ते २०२२ या आवृत्त्यांत एका डेटाबेससाठी १० जीबी जागा आणि माहिती धरून ठेवण्यास १,४१० एमबी स्मृती एवढेच मिळते. यंत्रात ६४ जीबी रॅम घातली तरी तो आकडा वाढत नाही. इंडेक्स, म्हणजे पुस्तकाच्या सूचीसारखी शोधसूची, नसलेल्या तक्त्यात एक बिल शोधायला सगळी बिले चाळावी लागतात. हे काम सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याचे आहे आणि त्याच्याकडे ते ठामपणे मागावे.

सॉफ्टवेअर हळूहळू जड होत जाण्याला एक कायदेशीर कारणही आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना प्रत्येक फेरफाराची नोंद राखणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक झाले आहे, त्यामुळे दुरुस्त केलेल्या व्हाउचरचा मागोवाही माहितीत साठत राहतो. तसेच १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या व्यावसायिकांना ई-इनव्हॉइस लागू आहे. असे बिल सरकारी पोर्टलकडे जाऊन क्रमांक घेऊन परत येते, आणि तिथे लागलेला वेळ आपल्या सर्व्हरचा नसतो. बिल जतन करणे झटपट होते आणि क्रमांक येण्यास वेळ लागतो, की जतन करण्यासच वेळ लागतो, हा फरक लिपिकाने नोंदवला तर तपासणाऱ्याचे कित्येक तास वाचतात.

छपाई, भिंतचित्र, खिडक्यांची सरकती हालचाल या गोष्टी लहान आहेत, पण मोफत सुधारता येतात. प्रत्येकाच्या संगणकावरचे सगळे प्रिंटर सेशनमध्ये आणण्याऐवजी फक्त मुख्य प्रिंटर आणावा, म्हणजे आत शिरण्याचा वेळही कमी होतो. भिंतचित्र आणि हालचाली जोडणीच्या ‘एक्सपीरियन्स’ या भागातून बंद करता येतात.

३३८९ हा पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचे प्रवेशद्वार, इंटरनेटवर थेट उघडा ठेवलेला सर्व्हर मात्र मी कधीही चालू ठेवू देत नाही. जगभरातून त्यावर पासवर्ड आजमावण्याचे प्रयत्न अहोरात्र चालतात. त्यांचाही भार प्रोसेसरवर पडतो आणि एखादा प्रयत्न यशस्वी झाला तर वर्षानुवर्षांचे हिशेब खंडणीसाठी कुलूपबंद होऊ शकतात. आधी व्हीपीएन किंवा रिमोट डेस्कटॉप गेटवे (येणाऱ्याला आधी तपासणारा मधला सर्व्हर), आणि मगच सर्व्हर. त्याचप्रमाणे, विंडोज सर्व्हरवर प्रशासकीय कामासाठी दोनच सेशन मिळतात. त्याहून अधिक माणसांसाठी रिमोट डेस्कटॉपचे परवाने लागतात आणि ते नसतील तर १२० दिवसांची सवलत संपल्यावर जोडण्या नाकारल्या जातात. विंडोज १० किंवा ११ च्या फायली बदलून अनेकांना आत घेण्याचा जुगाड नियमबाह्य तर आहेच, शिवाय अपडेट आल्यावर तो ऐन २० तारखेला मोडू शकतो.

मोजमापासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. विंडोज सर्व्हर २०१९ पासून परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये ‘युजर इनपुट डिले’ नावाचे मोजमाप आहे; कळ दाबल्याचा संदेश सर्व्हरवर पोहोचल्यापासून सॉफ्टवेअरने तो उचलेपर्यंत किती वेळ गेला, हे ते प्रत्येक सेशनसाठी आणि प्रत्येक प्रोग्रामसाठी सांगते. हे आकडे महिन्याच्या ५ तारखेला, सर्व काही सुरळीत असताना, एकदा नोंदवून ठेवावेत. सोबत डिस्कचा सरासरी वेळ, शिल्लक रॅम आणि सर्वांत जड अहवाल निघण्यास लागलेले सेकंदही लिहावेत. २० तारखेला तेच आकडे पुन्हा घ्यावेत. जो आकडा बदलला, तिथून शोध सुरू करावा, आणि एका वेळी एकच बदल करावा, कारण तीन बदल एकदम केले तर कोणत्या बदलाने फरक पडला हे पुढच्या वेळी कोणालाच सांगता येत नाही. ही नोंद मी सर्व्हरच्या कपाटाला आतून चिकटवलेल्या एका कागदावर हाताने लिहितो. तारीख, वेळ, आत किती माणसे होती, काय बदलले आणि तोच अहवाल किती सेकंदांत निघाला, एवढे पाच रकाने त्यावर असतात.